केहिमकर : आडनावातलं गाव

अलिबागच्या उत्तरेला, समुद्राला लागून किहीम आहे. मुंबईकरांना ते शनिवार-रविवारच्या सहलीमुळे ठाऊक. या किहीमवरून केहिमकर हे आडनाव आलं. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, तसेच हे. पण केहिमकर म्हटलं की पहिल्यांदा आठवतात ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाची घरं.

या समाजाची पिढीजात कथा अशी, की नवगावजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. त्यांची मुलंबाळं अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या किनारपट्टीत, आणि आसपासच्या गावांत पसरली, घाण्यावर तेल गाळू लागली. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. भाषा मराठी, पेहराव इथलाच, नावंही इथल्या वळणाची. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर घरच्या माणसांत समाजी हसाजी होते. दिवेकर कोकणस्थांतही आहेत. आडनाव धर्म सांगत नाही, जात सांगत नाही, फक्त गाव सांगतं, आणि मला त्याची हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

गावात असेपर्यंत अशा आडनावाची गरजही नसते. किहीममध्ये सगळेच किहीमचे. अठराव्या शतकात ही माणसं कंपनीच्या पलटणीत आणि मुंबईत कामाला जाऊ लागली, तेव्हा ‘कुठले?’ या प्रश्नाचं उत्तर नावामागे लागलं.

हे आडनाव इतिहासात नेलं ते हाईम सॅम्युएल केहिमकरांनी (१८३०–१९०८). मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढण्यात ते पुढे होते. आपल्या लोकांचा पहिला सविस्तर इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहून ठेवला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. लेखक जाऊन तेव्हा २९ वर्षं झाली होती. आज आपल्याला जवळचे केहिमकर म्हणजे फुलपाखरांचे अभ्यासक आयझॅक केहिमकर.

स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायल वीसेक हजार होते. १९४८ नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली, अश्दोद, दिमोना, लोद, बीरशेबा इथे वसली. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात सगळ्या गटांचे मिळून ज्यू ४,६५० नोंदले गेले, त्यांतले २,४६६ महाराष्ट्रात. मुळात माणसं थोडी, त्यांत शहरात आल्यावर अनेकांनी ‘कर’ सोडून वडिलांचंच नाव आडनाव म्हणून लावलं : मोझेस, सॅम्युएल, इझिकेल. त्यामुळे केहिमकर आणखी विरळ झाले. तिकडे इस्रायलमध्ये मात्र काही दारांवर हिब्रू अक्षरांत अजून ‘कर’ने संपणारी नावं आहेत.