पोटातून गा म्हणजे नेमकं काय करायचं?

गाणं शिकायला लागलं की पहिल्या महिन्यातच एक वाक्य कानावर पडतं: "गळ्यातून नको, पोटातून गा." मीही ते ऐकलं आणि कितीतरी दिवस छाती गच्च भरून सा लावत राहिलो. स्वर धक्का मारूनच बाहेर पडायचा आणि चौथ्या-पाचव्या सेकंदाला थरथरायचा. दम कमी पडतोय असं वाटून मी आणखी हवा भरायचो. चूक नेमकी तिथे होती.

हवा पोटात जात नाही, ती फुफ्फुसांतच राहते. फुफ्फुसांच्या तळाशी घुमटासारखं श्वासपटल असतं. श्वास घेताना ते आकसून खाली सरकतं, खालच्या अवयवांना जागा उरत नाही, म्हणून पोट पुढे येतं.

आता एक करून बघा. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ 5 सेंटिमीटर बुडवा आणि जेमतेम बुडबुडे येतील इतकंच फुंका. साध्या बोलण्यासाठी घशातल्या स्वरतंतूंच्या खाली साधारण एवढाच दाब लागतो, हळुवार स्वरालाही फार जास्त नाही. पण फुफ्फुसं काठोकाठ भरली की ताणलेल्या फुग्यासारखी ती आपोआप मिटू पाहतात आणि तो दाब पाण्याच्या 25-30 सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणजे सुरुवातीला हवा ढकलायची नसते, आवरून धरायची असते. श्वास घेताना ज्या स्नायूंनी बरगड्या उचलल्या, त्यांनीच त्या गाताना उचलून धरायच्या आणि हळूहळू सोडायच्या. हवा संपत आली की फुफ्फुसांचा हा जोर ओसरतो, मग पोटाचे स्नायू आत येऊन ढकलायला लागतात. एकच लांब सा चालू असताना हे काम एका गटाकडून दुसऱ्याकडे जातं आणि ऐकणाऱ्याला ते कळता कामा नये. दमसास म्हणतात तो मुख्यतः हाच. पेटी वाजवणारा बाहेरचा भाता थांबत थांबत मारतो, तरी आतला स्प्रिंगचा भाता सूर सलग ठेवतो, तसंच.

न आवरलेला दाब जातो तो स्वरतंतूंवर. नावात तंतू असलं तरी त्या तारा नाहीत, ओलसर, मऊ घड्या आहेत. पुरुषांत साधारण 17 ते 25 मिलिमीटर लांब, स्त्रियांत त्याहून आखूड. (1854 साली गायनशिक्षक मानुएल गार्सिया यांनी छोटा आरसा घशात धरून स्वतःचे स्वरतंतू गाताना पाहिले.) काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) मध्य षड्जाला, म्हणजे मधल्या सप्तकातल्या सा ला, पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे 139 वेळा एकमेकांवर आपटतात. पंधरा सेकंदांच्या एका सा मध्ये दोन हजारांवर आघात! दाब जास्त असला की प्रत्येक आघात जोरात बसतो. रोज असं घडत राहिलं तर त्या घड्यांवर गाठी येतात, आवाज घोगरा होतो.

म्हणूनच पहाटेच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या स्वरांच्या, रियाजाला मी आता फार मानतो. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, स्वरतंतू सैल आणि जाड असतात, दाब थोडा पुरतो, सगळं लक्ष श्वासावर ठेवता येतं. तानपुरा लावून बसा, दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवा, नेहमीपेक्षा थोडाच जास्त श्वास घ्या आणि सा लावा. बरगड्या लगेच मिटत नाहीत ना, ते तळव्यांना कळतं. थोड्या वेळाने पोट आपोआप आत सरकायला लागतं, आणि सा तसाच चालू असतो.