आषाढात अडणारं दार

आमच्या माजघरातल्या फडताळाचं उजवं दार मृगाचा पाऊस धरला की पंधरा दिवसांत अडायला लागतं. आषाढात ते खांद्याने रेटलं तरी बसत नाही. शिमग्याला मात्र बोटाने लोटलं तरी मिटतं. एकदा मी हट्टाने मेस्त्रीकाकांना बोलावलं, म्हटलं, रंधा मारून जरा कमी करा. त्यांनी दारावरून नुसता हात फिरवला. "आता तासलंय तर थंडीत फट पडात. लाकडाक हालूक जागा व्हयी," एवढं बोलून, चहा घेऊन ते गेले. जुन्या साध्या फर्निचरबद्दल मी नंतर जे काही वाचलं, त्याचं मूळ या एका वाक्यात होतं.

लाकूड कापलं, सुकवलं, पॉलिश केलं तरी हवेतल्या पाण्याशी त्याचं नातं सुटत नाही. त्याच्या पेशी म्हणजे खोडाच्या लांबीत उभ्या रचलेल्या बारीक नळ्या. त्यांच्या भिंतींत सेल्युलोजचे धागेही बहुतांश उभेच असतात. हवा दमट झाली की पाण्याचे रेणू या धाग्यांच्या मधे शिरतात आणि त्यांना बाजूला सारतात. म्हणून फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. ओल्या सागाची फळी पूर्ण सुकवली तर ती वाढवलयांच्या कडेकडेने ५.८ टक्के आकसते, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत २.५ टक्के, आणि लांबीत फार तर ०.२ टक्के. साग हे त्यातल्या त्यात शहाणं लाकूड. बाकीची बरीच याहून जास्त हलतात.

आता हे कोकणात आणून बघा. कोरड्या दिवसांत हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असली, तर लाकडात वजनाच्या सुमारे ११ टक्के पाणी राहतं. पावसात आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की लाकडातलं पाणी १८ टक्क्यांपर्यंत चढतं. एवढ्याने ३० सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी सुमारे ४ मिलिमीटर रुंद होऊ शकते. हे ४ मिलिमीटर अडवायला गेलात तर फळी चौकट तरी फोडते, नाहीतर स्वतः तडकते. पाटाच्या खालच्या आडव्या पट्ट्या दोन्ही कडांना खिळ्यांनी जखडल्या, की पाट मधोमध उभा चिरतो तो यामुळेच.

जुन्या सुतारांनी यावर काढलेला उपाय फार सुंदर आहे. चार पट्ट्यांची चौकट करायची, पट्ट्यांच्या आतल्या बाजूला खाच मारायची आणि मधली रुंद फळी त्या खाचेत नुसती सरकवून ठेवायची. खिळा नाही, सरस नाही. फळी खाचेच्या आत फुगते आणि आकसते, बाहेरचं माप जवळपास तेच राहतं. जे थोडं हलतं ते चौकटीच्या पट्ट्यांपुरतं, आणि आमचं दार अडतं ते तेवढ्यासाठी. कोपऱ्यांत एका पट्टीला चौकोनी भोक, दुसरीला त्यात घट्ट बसणारं कुसू, आणि आरपार लाकडाची खिट्टी.

हीच रचना सातासमुद्रापलीकडे काही वेगळ्याच माणसांनी जवळजवळ व्रतासारखी पाळली. १७७४ साली मँचेस्टरहून ॲन ली नावाची बाई मोजके अनुयायी घेऊन अमेरिकेला गेली. तिच्या पंथाला लोक शेकर म्हणू लागले. ब्रह्मचर्य, सामाईक मालमत्ता आणि काम हीच उपासना, असं त्यांचं जगणं होतं. न्यूयॉर्क राज्यातलं माउंट लेबनॉन हे त्यांचं मुख्य गाव. १८४५च्या त्यांच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे की केवळ शोभेसाठी असलेल्या गोलाया, नक्षीच्या पट्ट्या आणि कंगोरे कोणी करू नयेत. मग उरलं काय? सरळ पाय, मोकळी फळी, नीट सांधा. तिकडे पाऊस आपल्यासारखा नाही, पण हिवाळ्यात शेगडीने तापलेल्या खोलीतली हवा कमालीची कोरडी होते आणि उन्हाळ्यात पुन्हा दमट. लाकडाला तिथेही हलायला जागा लागत होतीच.

साधेपणा म्हणजे ऐपत नसणं, असं आपल्याकडे सर्रास मानतात. मला ते पटत नाही. युरोपातल्या दिमाखदार कपाटांवर महाग लाकडाचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवलेला असे. सरस जनावरांच्या चामड्याहाडांपासून होतो आणि दमट उष्म्यात मऊ पडतो. असं कपाट वेंगुर्ल्याच्या पावसाळ्यात ठेवलं तर पापुद्र्याला पोकळ फुगे येऊन तो सुटायला लागतो. फणसाच्या अखंड फळीचा पेटारा तिथेच पिढ्यान् पिढ्या बसून राहतो. नक्षी कमी आहे म्हणून तो गरीब ठरत नाही.

शेकरांच्या घरात भिंतीभर एक लाकडी पट्टी आणि तिच्यात ओळीने खुंट्या असत. टोप्या, झाडू तर सोडाच, केर काढताना खुर्च्यासुद्धा उलट्या करून ते त्या खुंट्यांवर टांगत. हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आजोळची पडवी आठवली: भिंतीतल्या खुंट्या, त्यांवर इरली, कंदील, आणि खाली सारवलेली मोकळी जमीन.

शेकरांच्या लंबगोल डब्यांची गंमत त्याहून बारीक आहे. वाफेने वाकवलेल्या पातळ पट्टीचं टोक बोटांसारखं कापलेलं असतं. रुंद टोक अखंड ठेवलं असतं तर आकसताना चिरलं असतं. बोटं सुटी असल्याने प्रत्येकाला आपापलं आकसता येतं. आणि त्यांत ठोकलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, तांब्याच्या. लोखंडाला ओल लागली की ते गंजतंच, शिवाय लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून काळे डाग पाडतं. हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकून काळी शाई होते, तीच ही क्रिया. आपल्या किनाऱ्यावर हवेतलं मीठ गंजाला आणखी घाई करतं. लाकडी खिट्टीला या दोन्हींची भीती नाही.

खुर्चीचं तंत्र तर अगदी उलट्या दिशेने चालतं. अशा पट्टीदार पाठीच्या खुर्च्या करण्याची एक जुनी रीत आहे: पाय थोडे ओलसर लाकडाचे घ्यायचे आणि आडवे दांडे कडकडीत सुकवलेले. दांडे पायाच्या भोकात ठोकले की पाय हळूहळू आकसतो आणि दांडा हवेतली ओल घेऊन फुगतो. सांधा स्वतःच आवळतो. ज्या हालचालीने आमचं दार अडतं, तिलाच इथे कामाला लावलं आहे.

लाकूड टिकतं ते गाभ्याच्या रसायनांवर. सागात टेक्टोक्विनोन असतं, ते वाळवीला मानवत नाही. फणसाच्या गाभ्याचा हळदीसारखा पिवळा रंग मोरिन नावाच्या रंगद्रव्याचा. थायलंड-म्यानमारकडे बौद्ध भिक्षूंची वस्त्रं याच लाकडाच्या रंगात रंगवत. उजेडात ते लाकूड हळूहळू तपकिरी होतं. बाहेरच्या पांढऱ्या भागात मात्र पिष्ट उरतं आणि भुंगा आधी तिथेच शिरतो. जुना पेटारा बघताना म्हणून कडा आधी तपासाव्या.

आणखी एक खूण सांगतो. घरात जुना चौरंग असेल तर त्याच्या कातीव पायाची जाडी कॅलिपरने दोन दिशांनी मोजा. ओलसर सागाचा ६० मिलिमीटरचा गोल पाय सुकत जाताना एका दिशेत दुसरीच्या दुपटीहून जास्त आकसतो, आणि दोन मापांत सुमारे १ मिलिमीटरचा फरक पडतो. आमच्या चौरंगाचे चारही पाय हाताला गोल लागतात. कॅलिपर लावला की चारही लंबगोल.