लोयोला शिकागो आणि लोयोला मेरीमाउंट: कोणता इतिहास कुणाचा?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलबद्दल वाचताना नुसतं ‘लोयोला’ दिसलं की घोटाळा ठरलेलाच. पुण्यात पाषाणला लोयोला हायस्कूल आहे, तसंच तिकडेही जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या परंपरेतल्या अनेक संस्थांना संत इग्नेशियस लोयोलांचं नाव आहे. त्यातली दोन विद्यापीठं पुरुषांच्या बास्केटबॉलमुळे गाजली. एक शिकागोचं, त्यांचा संघ ‘रॅम्बलर्स’. दुसरं लॉस एंजेलिसचं लोयोला मेरीमाउंट, त्यांचा संघ ‘लायन्स’.

राष्ट्रीय विजेतेपद आहे ते शिकागोकडे, १९६३ सालचं. कोच जॉर्ज आयर्लंड यांच्या पहिल्या पाचांत चार खेळाडू कृष्णवर्णीय होते: जेरी हार्कनेस, लेस हंटर, व्हिक राऊज आणि रॉन मिलर. पाचवा जॉन ईगन गोरा. त्या काळी एका वेळी इतके कृष्णवर्णीय खेळाडू उतरवायचे नाहीत, असा अलिखित दंडकच होता.

माझ्या मते त्या वर्षीचा सर्वांत मोठा सामना अंतिम फेरीचा नव्हेच. तो झाला १५ मार्चला, मिशिगनमधल्या ईस्ट लॅन्सिंगला, मिसिसिपी स्टेटविरुद्ध. मिसिसिपीचा संघ पूर्ण गोरा. समोर कृष्णवर्णीय खेळाडू येतील म्हणून आधीच्या वर्षांत हक्काची जागा मिळवूनही हे विद्यापीठ राष्ट्रीय स्पर्धेला गेलं नव्हतं. १९६३ सालीही संघाला रोखणारा कोर्टाचा मनाई हुकूम निघाला. तो हातात पडू नये म्हणून कोच बेब मॅकार्थी आधीच राज्याबाहेर सटकले आणि खेळाडू मागून विमानाने गेले. सामन्याआधी हार्कनेस आणि मिसिसिपीचा कर्णधार जो डॅन गोल्ड यांनी हात मिळवले, तो फोटो आजही छापला जातो. शिकागो ६१-५१ ने जिंकलं. पुढे लुईव्हिलच्या अंतिम सामन्यात, सलग दोनदा विजेत्या ठरलेल्या सिनसिनाटीविरुद्ध १५ गुणांनी मागे पडूनही त्यांनी जादा वेळेत ६०-५८ अशी बाजी मारली. शेवटच्या क्षणी हंटरचा फटका हुकला, राऊजने रीबाउंड (परत उसळलेला बॉल) पकडून बॉल बास्केटमध्ये टाकला. पाचही जण पूर्ण ४५ मिनिटं खेळले, एकही बदली नाही!

मेरीमाउंटची ख्याती वेगळीच, वेगाची. कोच पॉल वेस्टहेड यांचा नियम असा की बॉल मिळाल्यापासून काही सेकंदांतच फटका गेला पाहिजे. १९८९-९० च्या मोसमात या संघाची सरासरी होती सामन्यागणिक १२२.४ गुण. त्यातले हँक गॅदर्स आणि बो किंबल हे खेळाडू म्हणजे फिलाडेल्फियातल्या एकाच शाळेतून आलेले जिवलग मित्र. ४ मार्च १९९० रोजी घरच्याच मैदानावर सामना चालू असताना गॅदर्स कोसळला आणि त्याच दिवशी गेला. हृदयाचा विकार होता. वय अवघं २३.

दोन आठवड्यांच्या आत संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. गॅदर्सला फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके) नीट जमत नसत, म्हणून उजव्या हाताचा असूनही तो ते डाव्या हाताने मारू लागला होता. किंबल त्या स्पर्धेत प्रत्येक सामन्यातला आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने मारायचा. एकही चुकला नाही. हे वाचताना मला आजही भरून येतं. गतविजेत्या मिशिगनला त्यांनी १४९-११५ असं धुतलं. पुढे अलाबामाने खेळ मुद्दाम संथ केला, तरी ६२-६० ने मेरीमाउंटच जिंकलं. अखेर युएनएलव्हीने (लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाने) त्यांना रोखलं.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती ११ व्या मानांकनाची, म्हणजे स्पर्धेआधी संघांना दिलेल्या क्रमांकाची. १९९० साली मेरीमाउंटला हेच मानांकन होतं आणि ते शेवटच्या आठांत पोचले. २०१८ साली शिकागोलाही तेच मिळालं आणि ते शेवटच्या चारांत गेले. तेव्हा व्हीलचेअरवरून संघाला धीर देणाऱ्या ९८ वर्षांच्या नन, सिस्टर जीन, या शिकागोच्या होत्या.