एक ‘राइट’ म्हणजे एक ‘डेटा’ इव्हेंट नव्हे

नोड.जेएसच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) ‘नेट’ या नेटवर्क मॉड्यूलवर छोट्या मायक्रोसर्व्हिसेस (एकमेकांशी बोलणारे स्वतंत्र प्रोग्राम) उभारणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरत आहे: एका बाजूने सॉकेटवर, म्हणजे जोडणीच्या टोकावर, एकदा ‘राइट’ केले (माहिती पाठवली) की दुसऱ्या बाजूला ‘डेटा’ इव्हेंट एकदाच येतो आणि त्यात संपूर्ण संदेश असतो. हे खरे नाही. या जोडण्या टीसीपी या इंटरनेटच्या वहन-नियमावर चालतात, आणि आरएफसी ७९३ या १९८१ च्या मानक दस्तऐवजापासूनच टीसीपी हा बाइटांचा सलग प्रवाह आहे. बाइट क्रमाने पोहोचतील याची काळजी तो घेतो, पण एक संदेश कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे त्याला ठाऊकच नसते. त्यामुळे दोन जेसन (ठरावीक मजकूर-स्वरूपातले संदेश) एकाच तुकड्यात चिकटून येतात, किंवा एकच जेसन अर्धवट येतो आणि तो वाचणारे ‘जेसन.पार्स’ एरर देते. स्वतःच्याच संगणकावर लहान संदेशांची चाचणी घेतली तर हे बहुधा दिसत नाही, आणि म्हणूनच हा समज इतका टिकला असावा.

सॉकेटच्या ‘सेटनोडिले’ने नेगलचा अल्गोरिदम (लहान तुकडे थोडे थांबवून एकत्र पाठवण्याची टीसीपीची पद्धत) बंद केला की प्रश्न सुटतो, असेही सांगितले जाते, पण त्याने पाठवण्यातील विलंब तेवढा कमी होतो. संदेशाची सीमा आपणच आखावी लागते: प्रत्येक संदेशाआधी ४ बाइटांत त्याची लांबी पाठवावी, किंवा एका ओळीतल्या प्रत्येक जेसननंतर न्यूलाइन द्यावी. लांबी मात्र अक्षरांत नव्हे, बाइटांतच मोजावी, कारण यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि तुकडा त्यांच्या मधोमधही तुटू शकतो. म्हणून आलेले बफर (कच्च्या बाइटांचे तुकडे) आधी जोडावेत आणि संदेश पूर्ण झाल्यावरच त्याचे मजकुरात रूपांतर करावे.