कणसीमा (विरल मृत्तिका चुंबकांतील)

निओडिमियम–लोह–बोरॉन चुंबकात शेजारशेजारच्या स्फटिककणांना विलग करणारा अतिशय पातळ थर. कण साधारण ५ मायक्रोमीटरचे, तर हा थर जेमतेम २–३ नॅनोमीटर जाडीचा. चुंबक किती प्रबळ हे मुख्यत्वे स्फटिकाचे संयुग ठरवते. पण उलट क्षेत्रापुढे तो किती तग धरेल, म्हणजेच त्याची निग्राहिता, मोठ्या प्रमाणात या थराच्या हाती असते.

या संयुगाच्या स्फटिकगुणांवरून निग्राहिता ७ टेस्लाच्या आसपास असायला हवी. जड विरल मृत्तिका (डिस्प्रोसियमसारखे धातू) न घातलेल्या नेहमीच्या चुंबकात ती १ टेस्लाच्या थोडीफार वर असते. ही तफावत ‘ब्राउन विरोधाभास’ म्हणून ओळखली जाते. चुंबकनाची दिशा सगळ्या कणात एकदम उलटत नाही. कणाच्या पृष्ठभागावरील एखाद्या सदोष, कमकुवत जागी सुरुवात होते. मधला थर अचुंबकीय असेल तर ती पडझड त्या कणापुरतीच राहते. थरात लोह जास्त असेल, तर ती शेजाऱ्याकडे सरकते.

हा थर अचुंबकीयच असतो, असे बराच काळ गृहीत धरले जात होते. अणू मोजणाऱ्या सूक्ष्म तपासणीत मात्र काही चुंबकांच्या थरात निम्म्याहून अधिक अणू लोह व कोबाल्टचे आढळले. शिवाय सगळ्या कणसीमा सारख्या नसतात: चुंबकनाच्या अक्षाला काटकोनात असलेल्या सीमांमध्ये निओडिमियम अधिक, तर समांतर सीमांमध्ये लोह अधिक सापडते.

म्हणून सीमा सुधारण्यासाठी, सिंटरिंगनंतर (दाबलेली भुकटी तापवून घट्ट केल्यावर) चुंबक ५००–६०० अंश सेल्सिअसच्या सुमारास पुन्हा तापवतात. किंचित तांबे असले की निओडिमियमसमृद्ध द्रव कणांभोवती सलग पसरतो. बोरॉन थोडे कमी ठेवून गॅलियम घातल्यास जादा लोह वेगळ्या संयुगात अडकते आणि सीमा अचुंबकीयतेकडे झुकते.

डिस्प्रोसियमनेही निग्राहिता वाढते, पण त्याचे चुंबकीय आघूर्ण लोहाच्या उलट दिशेला असल्याने एकूण चुंबकन घटते. तेव्हा ते सगळ्या मिश्रधातूत घालण्याऐवजी पृष्ठभागावर लेप देऊन तापवतात. ते सीमांच्या वाटेने आत झिरपून कणाच्या फक्त कडेला कवच धरते. महाग धातूची यात बचत होते.

समेरियम–कोबाल्ट चुंबकांच्या २:१७ प्रकारात (आकडे दोन धातूंच्या अणूंचे प्रमाण दाखवतात) गणित निराळे. तिथे निग्राहिता येते ती कणाच्या आतल्या कोशांच्या तांबेयुक्त भिंतींमुळे. सरकणाऱ्या चुंबकीय क्षेत्रभिंती (वेगवेगळ्या दिशेने चुंबकित भागांमधल्या सीमा) त्यांवर अडकून पडतात.

कणसीमेची एक उणी बाजूही आहे. निओडिमियमसमृद्ध थर दमट हवेत सर्वांत आधी गंजतो, कण सुटे होतात आणि चुंबकाची भुकटी होते. त्यामुळेच या चुंबकांवर बहुधा निकेलचा मुलामा असतो.