लवंगेचा वास आणि मुळं नसलेली दाढ

पाच वर्षांच्या पोराच्या दाढेतली कीड आतल्या नसेपर्यंत पोचली, की डॉक्टर रूट कॅनल सांगतात, म्हणजे मुळांच्या नळीतली खराब नस काढून ती जागा भरायची. घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "दुधाचीच दाढ ना? काढून टाका!" पण मागची दुधाची दाढ पडते १०-१२ व्या वर्षी. तोवर ती जागा धरून बसलेली असते. आधीच काढली, तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणारा दात अडकतो.

आता या दाढेत भरायचं काय? मोठ्यांच्या दातात गटापर्चा भरतात, झाडाच्या चिकापासून मिळणारा रबरासारखा पदार्थ. तो वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो, आणि इथे तेच नडतं. लहान मुलाचा एक्स-रे बघा. दाढेची मुळं चिमट्यासारखी फाकलेली, आणि चिमट्याच्या मधोमध कायमच्या दाताचा कोंब. हा कोंब सरकू लागला की शरीरातल्या पेशी दुधाच्या दाताची मुळं हळूहळू झिजवतात. मुळांबरोबर आतला मसालाही नाहीसा व्हायला हवा. (खाली कायमचा दात तयारच होत नसेल, तर गोष्ट वेगळी, तिथे गटापर्चाही चालतो.)

जुना जाणता मसाला म्हणजे झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल. युजेनॉल हा लवंगेच्या तेलातला मुख्य घटक, म्हणून दवाखान्यात तो ओळखीचा वास येतो. हा मसाला घट्ट होतो, पण मुळापेक्षा सावकाश विरतो. कधीकधी त्याचे कण हिरडीत मागे राहतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आयोडोफॉर्मची पिवळी पेस्ट याच्या अगदी उलट. तयार सिरिंजमधून ती झटकन भरता येते, मुळाच्या टोकाबाहेर गेली तरी शरीर ती शोषून घेतं. पण तिला घाई फार! मूळ शाबूत असतानाच ती आतून नाहीशी होते आणि नळी रिकामी पडते.

म्हणून दाढ दीड-दोन वर्षांत पडणार असेल तर पिवळी पेस्ट पुरते. अजून पाच वर्षं टिकवायची, तर झिंक ऑक्साइड-युजेनॉल किंवा झिंक ऑक्साइड, कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आयोडोफॉर्म या तिन्हींचं मिश्रण मला जास्त भरवशाचं वाटतं. आयोडोफॉर्ममध्ये आयोडीन असतं, त्यामुळे मुलाला आयोडीनची ॲलर्जी असेल, तर ते मात्र डॉक्टरांना आधीच सांगा.

भरून झालं की वर बहुतेकदा स्टीलची टोपी बसते. काही वर्षांनी ती दाढ टोपीसकट हातात येते. उलटी करून बघितली, तर खाली मुळं जवळजवळ नसतातच.