सांसर्गिक कर्करोग आणि शिशुधान प्राण्यांची प्रतिकारशक्ती

सांसर्गिक कर्करोग : गाठीतली जिवंत पेशीच एका प्राण्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगात जाऊन रुजते आणि वाढते, असा कर्करोग. यात विषाणू नसतो, जिवाणूही नसतो. रोगजंतूचे काम कर्कपेशी स्वतःच करते. निसर्गात हा प्रकार फार विरळा. सस्तन प्राण्यांत आपोआप पसरणारे असे तीनच कर्करोग माहीत आहेत : एक कुत्र्यांतला आणि दोन टास्मानियन डेव्हिल या शिशुधान, म्हणजे पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या, प्राण्यातले. काही समुद्री शिंपल्यांत रक्ताच्या कर्करोगासारखा रोग पाण्यातून पसरतो, हे 2015 मध्ये उघड झाले.

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या सीमाभागात या विषयाची गाठ पडते ती गुरांच्या दवाखान्यात, आणि तिथे आधी एक गैरसमज दूर करावा लागतो. थोराड खिलार बैल मान एका बाजूला कलती धरतो, डोके झाडतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त किंवा पू येतो आणि शिंग बुडाशी हलू लागते. हा शिंगाचा कर्करोग. शेजारच्या दावणीच्या बैलाला तो लागत नाही; शिंग वेळीच कापून काढले तर बैल वाचूही शकतो. कोंबड्यांचा मॅरेक्स खुराड्याभर पसरतो खरा, पण तिथे पिसांच्या कोंड्यातून विषाणू पसरतो, गाठ मात्र त्या त्या कोंबडीच्या स्वतःच्या पेशींची असते. म्हणून दोन्ही रोग या नोंदीच्या कक्षेबाहेरचे.

खरा सांसर्गिक कर्करोग आपल्या गल्लीतच आहे. मोकाट कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लालसर, ठिसूळ, सहज रक्त येणारी गाठ दिसते, ती हीच. संसर्ग मुख्यतः समागमातून होतो. हुंगण्या-चाटण्यातून तो नाकातही उतरतो, आणि नाकातली गाठ नरांत अधिक आढळते. घरच्या कुत्रीला रक्त जाऊ लागले की ‘माजावर आलीय’ म्हणून मालक थांबतात. माजाचे रक्त दोनेक आठवड्यांत थांबते. गाठीचे महिनोन्‌महिने थेंब थेंब सुरू राहते. नाकातून रक्त आले तर गोचीड तापाची शंका आधी येते, आणि ती गैर नसते. पण रक्त एकाच नाकपुडीतून येत असेल, नाकाचा आकार बदलत असेल, तर आत गाठ आहे का हे पाहायलाच हवे. गाठीवर काचपट्टी दाबून घेतलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली पोकळ ठिपके भरलेल्या गोल पेशी दिसल्या की निदान सहसा पक्के होते.

या पेशींचे वय थक्क करणारे आहे. जनुकीय अभ्यासानुसार हा कर्करोग सुमारे 4,000 ते 8,500 वर्षांपूर्वी आशियातल्या एका कुत्र्यात उपजला. तो कुत्रा केव्हाच मेला, त्याच्या पेशी मात्र अंग बदलत जगभर पोहोचल्या. कुत्र्याच्या पेशीत 78 गुणसूत्रे असतात, या गाठीच्या पेशीत साधारण 57 ते 64. गाठीचा जनुकसंच ती वाहणाऱ्या कुत्र्याशी जुळत नाही, दूरदेशीच्या गाठींशी जुळतो. रशियन पशुवैद्य नोविन्स्की यांनी 1876 मध्येच गाठीचा तुकडा एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवला होता. प्रयोगशाळेत तो कोल्ह्यालाही लावता येतो.

डेव्हिलची गोष्ट वेगळ्या वळणाने जाते. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर राहतो. तोंडावर गाठी आलेला डेव्हिल प्रथम 1996 मध्ये बेटाच्या ईशान्य भागात दिसला. मढ्यावर आणि माद्यांवरून भांडताना हे प्राणी एकमेकांच्या तोंडाचा चावा घेतात, आणि त्या चाव्यातून पेशी पसरतात. गाठी दिसू लागल्यावर बहुतेक प्राणी काही महिन्यांतच दगावतात. रोग ठाण मांडून बसलेल्या भागांत संख्या 80 टक्क्यांच्या आसपास घटली, आणि 2008 मध्ये हा प्राणी जागतिक संकटग्रस्त यादीत गेला. ॲन-मरी पिअर्स आणि केट स्विफ्ट या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवले, की निरनिराळ्या प्राण्यांतल्या गाठींच्या गुणसूत्रांत एकच मोडतोड आहे. म्हणजे सगळ्या गाठी एकाच मूळ मादीच्या. 2014 मध्ये बेटाच्या आग्नेय भागात दुसरा, स्वतंत्रपणे उपजलेला कर्करोग सापडला. त्यात वाय गुणसूत्र होते, म्हणजे मूळ प्राणी नर.

यावरून ‘शिशुधान प्राण्यांची प्रतिकारशक्तीच कच्ची’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो घाईचा आहे. डेव्हिलचे पिल्लू तीन आठवड्यांच्या गर्भावस्थेनंतर पाव ग्रॅमच्या आसपास वजनाचे जन्मते, तेव्हा त्याची रोगप्रतिकार यंत्रणा खरोखरच अपुरी असते. वीस-तीस पिल्ले जन्मतात, आचळे चारच. पण जगलेल्या पिल्लाला आईच्या दुधातून प्रतिपिंडे आणि जंतुनाशक प्रथिने मिळतात, आणि यंत्रणा पिशवीत हळूहळू तयार होते. प्रौढ शिशुधानांत टी-पेशी आणि बी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी), प्रतिपिंडे सगळे आहे. उलट त्यांच्या टी-पेशींत एक ग्राही, म्हणजे परके ओळखणारे पृष्ठभागावरचे प्रथिन, असा आहे जो आपल्यासारख्या वारयुक्त सस्तनांत नाहीच.

दुसरा तर्क असा होता, की बेटावरचे सगळे डेव्हिल जनुकीयदृष्ट्या जवळपास सारखे, म्हणून परकी पेशी ओळखू येत नाही. पण एका डेव्हिलची त्वचा दुसऱ्यावर लावली तेव्हा ती नाकारली गेली. ओळखायची ताकद होती. ओळखण्याजोगी खूण कर्कपेशीने लपवली होती. प्रत्येक पेशी पृष्ठभागावर एमएचसी नावाची प्रथिने मिरवते, त्यांवरून टी-पेशी आपले-परके ठरवतात. पहिल्या डेव्हिल-कर्करोगाच्या पेशी ही प्रथिने जवळजवळ मांडतच नाहीत. जनुके मात्र शाबूत असतात, नुसती बंद ठेवलेली. गामा इंटरफेरॉन हे प्रतिकार यंत्रणेचे संदेशवाहक प्रथिन दिले की ती चालू होतात, हे 2013 मध्ये दिसले. दुसऱ्या कर्करोगाच्या पेशी एमएचसी मांडतात आणि तरीही पसरतात, तेव्हा हा खुलासाही सगळ्याला पुरत नाही.

कुत्र्याची गाठही वाढताना हीच प्रथिने दडवते. फरक पुढे पडतो : सुदृढ कुत्र्यात काही महिन्यांनी प्रतिकारशक्ती गाठीत शिरते, एमएचसी पुन्हा दिसू लागते आणि गाठ कधी कधी आपोआप विरते. हजारो वर्षांच्या सहवासात परजीवी आणि यजमान यांचा काहीसा समझोता झाला असावा. डेव्हिलचा रोग त्या मानाने कालपरवाचा, तरी तिथेही काही रानटी प्राण्यांत प्रतिपिंडे आणि विरणाऱ्या गाठी सापडल्या आहेत. निरोगी डेव्हिल वेगळे राखण्यासाठी टास्मानियाजवळच्या मराया बेटावर 2012 पासून एक वसाहत उभी केली गेली.

कुत्र्यांवरचा उपाय हाताशी आहे. व्हिन्क्रिस्टीन हे औषध आठवड्याला एकदा शिरेतून देतात. बहुधा चार ते सहा इंजेक्शनांत गाठ जाते. शिरेबाहेर सांडले तर जागा जळते, म्हणून हे काम पशुवैद्याचेच. हे द्रव्य मिळते अंगणातल्या सदाफुलीतून, पण म्हणून पाला वाटून कुत्र्याला पाजू नये. ते विष ठरते. माणसाला हा रोग लागत नाही. नसबंदीने समागमाचा मार्ग बंद होतो, हुंगण्या-चाटण्याचा उघडाच राहतो. म्हणून नसबंदीसाठी पकडलेल्या कुत्र्यात गाठ आढळली तर पुन्हा गल्लीत सोडण्याआधी इंजेक्शनांचा क्रम पुरा करावा लागतो.